मोबाईल खिशात आहे, मग साउंड लेव्हल मीटर कशाला?

घड्याळ, कॅल्क्युलेटर, टॉर्च, रेडिओ, कॅमेरा, सगळं मोबाईलने गिळलं. आता प्रयोगशाळेतली उपकरणंही तो गिळणार, असं बरेच लेख ठासून सांगतात. याच भरवशावर तुम्ही प्रोजेक्टचा विषय निवडत असाल तर जरा थांबा.

आधी श्रेय देऊ. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप बघा. फोनमधल्या ॲक्सेलरोमीटर, जायरोस्कोप, मॅग्नेटोमीटरचे आकडे ते थेट तुमच्या हातात देतं. फोनचाच लोलक करा, आवर्तकाल घ्या, गुरुत्वीय त्वरण काढा. जिथे एका स्टॉपवॉचमागे पाचजण असतात, तिथे ही लहान गोष्ट नाही. पण हे जमतं का? कारण इथे आपण मुळात वेळ मोजतो आणि फोनचं क्रिस्टल घड्याळ त्यासाठी पुरेसं अचूक असतं. त्वरणाचा आकडा थोडा चुकला तरी आवर्तकाल चुकत नाही!

आता तोच फोन घेऊन गणपतीच्या मिरवणुकीत जा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. तुम्हाला ती ओलांडली की नाही, हे सांगायचंय. पण फोनचा मायक्रोफोन बनवलाय माणसाचं बोलणं पोचवायला. सोबतचं सॉफ्टवेअर गोंगाट दाबतं, गेन आपोआप कमीजास्त करतं. डीजेच्या भिंतीसमोर तो क्लिप होतो, म्हणजे आवाज वाढला तरी आकडा तिथेच. ॲप मात्र दशांशापर्यंत आकडा दाखवतं, आणि आपण तो वहीत लिहितो. ३ डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनितीव्रता जवळपास दुप्पट, हे लक्षात ठेवा.

मीटर महाग असतो तो उगाच नाही. त्याला आयईसी ६१६७२ हे मानक आहे आणि मोजणीच्या आधी-नंतर कॅलिब्रेटर लावून तो तपासता येतो. ॲपवाले लेख नेमकं हेच गाळतात. सेन्सर आहे की नाही एवढंच बघतात, तो कशाशी पडताळला हे विचारत नाहीत. परीक्षक विचारणार.

(कॅमेऱ्याने द्रावणाचा रंग मोजणाऱ्यांनाही हेच. जेपेगमध्ये उजेड आणि आकडा यांचं नातं सरळ रेषेचं नसतं. बिअर-लॅम्बर्ट लावण्याआधी रॉ फाईल घ्या, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा.)

मग मीटर नसलेल्या कॉलेजने काय करायचं? एक दिवसासाठी कुठून तरी मागून आणा. फोन शेजारी धरून शांत वर्गापासून बसस्टँडपर्यंत, जमल्यास ढोलपथकाच्या सरावापर्यंत, तीसेक ठिकाणी दोन्ही आकडे नोंदवा आणि आलेख काढा. रेष कुठे वाकते ते दिसेल. त्या पातळीच्या खाली दुरुस्ती करून फोन वापरा, वर नको. मॉडेल बदललं की आलेख पुन्हा काढायचा, मित्राच्या फोनला तुमचा चालणार नाही.