आपापल्या नावानिशी

दिवाळी अंक हाती आला म्हणजे वाचक आधी कथा शोधतो, मग कविता पाहतो, आणि टीकालेख बहुधा भाऊबीज उलटल्यावर, फराळाचे डबे रिकामे होऊ लागल्यावर वाचला जातो. त्यात तो इतिहासाच्या पुस्तकावर असला म्हणजे तर विचारायलाच नको! तरीही वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर बसावे, अशी विनंती आहे. कारण ज्या पुस्तकाविषयी मला लिहायचे आहे, ते आयाबायांचे पुस्तक आहे, आणि सणाच्या दिवशी चार माणसे एकत्र असताना त्याची गोष्ट निघावी हे योग्यच होय.

पुस्तकाचे नाव 'आम्हीही इतिहास घडवला'. लेखिका ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. ते १९८९ साली प्रसिद्ध झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत स्त्रियांनी काय केले, हा त्याचा विषय. पूर्वार्धात चळवळीचा इतिहास आहे. उत्तरार्धात त्या चळवळीत वावरलेल्या स्त्रियांच्या मुलाखती व जीवनकहाण्या आहेत. नावातला तो 'ही' मला फार बोलका वाटतो. इतिहास पुरुषांनी घडवला नाही, असे या बायका म्हणत नाहीत. आम्हीही तेथे होतो, एवढेच त्या सांगतात. मात्र हे एवढेच सांगायला मराठीत १९८९ साल उजाडावे लागले, हीही गोष्ट विसरून चालणार नाही.

माझे गाव अमडापूर. आमचा बुलढाणा जिल्हा स्त्रियांच्या नावांच्या बाबतीत भाग्यवान आहे. सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे नाव शाळेतले पहिलीतले पोरही सांगते. पण बुलढाण्याच्याच ताराबाई शिंद्यांचे नाव वरच्या वर्गात विचारले, तर मुली एकमेकींकडे पाहू लागतात. ताराबाईंचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यास छापले गेले आणि पुढे विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा वाचकांपुढे आणले. मध्ये ९३ वर्षे गेली! ताराबाई तर लिहिणाऱ्या होत्या, प्रतिष्ठित घरच्या होत्या, त्यांचे पुस्तक छापलेले होते. त्यांची ही गत, तर ज्यांच्या हाती लेखणीच आली नाही, ज्यांच्या घरी कागद म्हणजे फक्त सावकाराचा, त्यांची नावे कोण राखून ठेवणार?

म्हणूनच या पुस्तकाचा पहिला गुण मी असा मानते की, ते नावे देते. गावाच्या, नवऱ्याच्या, जातीच्या नावाआड दडलेली बाई त्यात आपल्या नावानिशी उभी राहते. नाव असणे ही लहान गोष्ट नव्हे. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा सुमारे २८ लाख स्त्रियांचा मतदारयादीत समावेश होऊ शकला नाही, कारण त्यांची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी होती. घटनेने मत दिले होते, पण मत द्यायला आधी नाव लागते! नागरिकत्वाची सुरुवात अशी अगदी घरगुती जागी होते.

या पुस्तकातील ज्या स्त्रीने माझे मन सर्वाधिक वेधले, ती नागपूरची जाईबाई चौधरी. जन्म १८९२ सालचा, उमरेडचा. दुष्काळात कुटुंब नागपुरास आले. नवव्या वर्षी लग्न झाले. स्टेशनावर ओझी वाहून त्यांनी पोट भरले. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंच्या साह्याने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिकवू लागल्या. पण बाई महार आहेत हे कळताच पालकांनी मुले काढून घेतली आणि त्यांची नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी स्वतःच मुलींची शाळा काढली आणि तिला चोखामेळ्याचे नाव दिले. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बाईने शाळा काढावी, हे आमच्यासारख्या मास्तरकी करणाऱ्या माणसांना नुसते वाचूनही कानकोंडे करते.

याच जाईबाईंच्या बाबतीत डिसेंबर १९३७ मध्ये एक प्रकार घडला. अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले होते. स्त्रियांच्या हक्कांसाठी देशभरच्या शिकलेल्या, सुधारलेल्या स्त्रिया जमल्या होत्या. जेवणाच्या वेळी मात्र दलित स्त्रियांची पाने वेगळी मांडली गेली! या स्त्रियांनी तो अपमान गिळला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी सभा भरवून त्याचा निषेध केला.

हा प्रसंग वाचताना मला सातासमुद्रापलीकडची दुसरी एक बाई आठवली. अमेरिकेतील आयडा वेल्स ही काळ्या वंशाची स्त्री १८६२ साली गुलामगिरीत जन्मली. पुढे ती शिक्षिका झाली, वर्तमानपत्र चालवू लागली, आणि काळ्या माणसांना जमावाने ठार मारण्याच्या अमानुष प्रकारांविरुद्ध लिहू लागली. १९१३ च्या जानेवारीत तिने शिकागोस काळ्या स्त्रियांची मताधिकार संस्था स्थापली. त्याच वर्षी ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठी मिरवणूक निघाली. गोऱ्या पुढारी स्त्रियांनी तिला सांगितले, तुम्ही मागच्या बाजूस काळ्या स्त्रियांच्या तुकडीत चाला. ती तेथे गेली नाही. बघ्यांच्या गर्दीत उभी राहिली आणि आपल्या इलिनॉय राज्याची तुकडी समोरून जाऊ लागताच तिच्यात शिरून चालू लागली.

एकीकडे मिरवणूक, दुसरीकडे पंगत. दोन्हीकडे मागणी स्त्रीच्या हक्काची, आणि दोन्हीकडे आपल्यातल्याच काहींना मागे बसवण्याची रीत. १९२० साली अमेरिकेत स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला, पण दक्षिणेकडील राज्यांत डोईपट्टी आणि वाचन-लेखनाच्या परीक्षा पुढे करून काळ्या स्त्रियांना यादीबाहेर ठेवले गेले. तो अडथळा खऱ्या अर्थाने मोडायला १९६५ चा कायदा यावा लागला. आपल्याकडे मुंबई इलाख्याने १९२१ मध्ये आणि मध्यप्रांताने १९२७ मध्ये स्त्रियांना मत दिले. त्यात जातीचा उल्लेख नव्हता. अट होती ती मालमत्तेची आणि कराची. ज्यांना गावच्या विहिरीवर घागर बुडवता येत नव्हती, त्या बायकांच्या नावावर सातबारा कोठून असणार? एकीकडे दिलेले मत हिरावून घेतले, दुसरीकडे ते पोचेल अशी वाटच ठेवली नाही. फळ मात्र सारखेच.

आणि मध्यप्रांताने मत दिले त्याच १९२७ साली महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. डिसेंबरातल्या महाडच्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. जात ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, कथलाचे-चांदीचे ओझे अंगावर वागवू नका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी लगोलग लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली. वरवर पाहता ही कपड्यांची गोष्ट. पण कोणी काय नेसावे हे गावाने ठरवण्याऐवजी त्या बाईने ठरवले, यात सगळे राजकारण आले. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यातही स्त्रिया होत्या.

पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरास दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे, आपल्या वऱ्हाडातल्या, अमरावतीच्या. २० ते २५ हजार स्त्रिया जमल्याचे सांगितले जाते. त्यांनी केलेले ठराव पाहावेत: स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा, एकाहून अधिक बायका करण्यास कायद्याने बंदी असावी, कामकरी स्त्रियांना पगारी रजा व नुकसानभरपाई मिळावी, कायदेमंडळांत स्त्रियांना प्रतिनिधित्व असावे. अध्यक्षीय भाषणात सुलोचनाबाईंनी संततिनियमनाचाही पुरस्कार केला. १९४२ साली! बहुपत्नीकत्वाची बंदी आणि घटस्फोटाचा हक्क हिंदू स्त्रीला देशभर मिळाला तो १९५५ च्या कायद्याने. तेरा वर्षे आधी हे मागणाऱ्यांत निरक्षर मजूर बायका होत्या.

येथे रसिक वाचक म्हणतील, बाई, हे सगळे खरे. पण यात वाङ्मय कोठे आहे? ठराव, तारखा, अध्यक्षांची नावे! हा आक्षेप मी हलका मानत नाही. पूर्वार्धात काही पाने खरोखरच अहवालासारखी रुक्ष आहेत. एक परिषद संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. माणसे दिसण्याआधीच नावे निघून जातात. उत्तरार्धातल्या काही कहाण्याही ऐन रंगात आल्या असता थांबतात. सभेहून परत आल्यावर घरात काय झाले, चूल कोणी पेटवली, नवरा काय बोलला, हे आणखी ऐकायला मी आसुसले होते. खेड्यातल्या, मोलमजुरी करणाऱ्या बाईचा आवाजही मला अधिक हवा होता.

तरीही मी त्या रुक्ष पानांची बाजू घेईन. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी दलित स्त्रीला अश्रू भरपूर दिले. उपासमार दिली, अब्रूवरचा घाला दिला. वाचकाने हळहळावे आणि पान उलटावे. पण व्यासपीठावर उभी राहून ठराव मांडणारी, वर्गणीचा हिशेब ठेवणारी, भाषण करताना अडखळून पुन्हा सुरू करणारी बाई आपल्या कादंबरीत किती वेळा आली? दया करायला सोपी अशी बाई आपण रंगवत राहिलो. या पुस्तकातल्या बायकांची दया येत नाही. त्यांच्याशी वाद घालावा वाटतो, त्यांचे ऐकावे वाटते, क्वचित त्यांचा धाकही वाटतो. कादंबरीकाराला माणूस निर्माण करताना दुसरे काय हवे असते?

या बायकांची परंपराही लहान नाही. सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. तेथपासून बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'पर्यंत आणि पुढे ऊर्मिला पवारांच्या २००३ सालच्या 'आयदान'पर्यंत एक वाट आहे. 'आम्हीही इतिहास घडवला' हा त्या वाटेवरचा मोठा मुक्काम. लिहिणाऱ्या स्त्रियांनी न लिहिणाऱ्या स्त्रियांच्या दारी जाऊन, जुन्या नियतकालिकांची पाने चाळून तो बांधला. जुन्या कार्यकर्त्या एकेक करून जग सोडत असताना हे काम झाले, यातच त्याची निकड आली. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता, तर कित्येक आवाज कायमचे गेले असते.

मला विचाराल तर हे पुस्तक कपाटात शोभेसाठी ठेवण्याचे नाही. घरात शिकत्या मुली असतील तर त्यातली एखादी कहाणी मोठ्याने वाचावी. मग घरातल्या आजीला, शेजारच्या म्हातारीला विचारावे, तुमच्या तरुणपणी सभेला कोण जात असे, पुढे कोण बसत असे, आणि वेगळे पान कोणाचे मांडले जात असे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागेल. पण उत्तरात एखादे नाव आले, तर ते लिहून ठेवावे, संपूर्ण नाव; अमक्याची बायको म्हणून नव्हे.