चाल कोणाची, गाणे कोणाचे?

दलित साहित्याविषयी आपण पुष्कळ लिहिले. कवितेवर लिहिले, आत्मकथनांवर लिहिले, कथेवर आणि नाटकावर परिसंवाद घेतले. परंतु आपल्या वस्तीतला माणूस ज्या शब्दांच्या सोबतीने रोज जगतो, ते शब्द कवितासंग्रहांत नाहीत. ते गाण्यांत आहेत. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत एकही कवितासंग्रह नाही. भीमगीत ठाऊक नाही असे घर मात्र मला माहीत नाही. तरीही भीमगीतावर गंभीरपणे लिहायचे म्हटले, की आपल्यातलेच शिकलेले लोक संकोचतात. कारण विचारावे तर एकच उत्तर येते : "अहो, त्या चाली सिनेमाच्या असतात!"

हे उत्तर तपासून पाहावे, एवढ्यासाठी हे टिपण. मी संगीताचा अभ्यासक नाही. रागदारी मला कळत नाही. बरीच वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे गाणी ऐकली, इतकाच माझा अधिकार. आमच्या वस्तीत गाणे फुकट मिळे. कुणाच्या घरी हळद असली की खांबाला कर्णा बांधला जाई. त्याच कर्ण्यातून सकाळी तलत महमूद, दुपारी लता, आणि रात्री जेवणावळी उठल्या की वामनदादा कर्डकांची गाणी. अभिजनांच्या घरात अभिजात, सुगम, लोकसंगीत असे कप्पे असतात. आमच्या कानांना ते कप्पे कुणी शिकवले नव्हते.

तलत माझा आजही सर्वांत आवडता गायक आहे. त्याच्या आवाजातला कंप ऐकला की हातातले काम थांबते. 'सुजाता' या चित्रपटातले त्याचे टेलिफोनवरचे गाणे मी किती वेळा ऐकले असेल याची मोजदाद नाही. बिमल रॉय यांचा हा चित्रपट 1959 सालचा. शब्द मजरूह सुलतानपुरींचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचे. गाणे निर्विवाद सुंदर आहे. पण त्या प्रसंगाची मांडणी पाहा. टेलिफोनच्या एका टोकाला ब्राह्मण तरुण गातो आहे. दुसऱ्या टोकाला अस्पृश्य घरात जन्मलेली मुलगी ऐकते आहे आणि रडते आहे. ती गातच नाही असे नाही. आकाशात दाटून आलेल्या ढगांवर तिला एक गाणे दिलेले आहे. परंतु स्वतःच्या जातीविषयी, स्वतःच्या अपमानाविषयी एक ओळही तिच्या गळ्यात घातलेली नाही. अखेर आपले रक्त देऊन ती पाळणाऱ्या आईचा जीव वाचवते, तेव्हा कुठे घर तिला आपली म्हणते.

त्याआधी 1936 साली बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. त्याची नायिका, देविकाराणीने रंगवलेली कस्तुरी, शेवटी रेल्वेखाली जीव गमावते. बाबासाहेबांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' पुस्तकरूपाने आले तेही याच वर्षी. 'सुजाता' आला तेव्हा नागपूरच्या धर्मांतराला तीन वर्षे होत आली होती. बाहेर लाखो माणसे स्वतःचा निर्णय स्वतः घेत होती. पडद्यावरची अस्पृश्य मुलगी मात्र मरत तरी होती, नाहीतर रक्त देऊन माणुसकी मिळवत होती. या चित्रपटांच्या कर्त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तो चांगलाच होता. प्रश्न एवढाच आहे, की टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीने बोलायचे ठरवले तर ती कोणत्या चालीत बोलेल?

तिच्यापाशी दुसरी चाल होती कुठे? जी कानावर पडली तीच तिची. आपल्या शाहिरांनी हेच केले. कर्ण्यातून आलेली चाल त्यांनी उचलली आणि ऐकणाऱ्याच्या तोंडात त्याचे स्वतःचे शब्द घातले. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. 1943 साली त्यांनी पहिले गीत रचले, ते एका हिंदी सिनेगीताच्या चालीवरचे विडंबन होते. विडंबनापासून सुरुवात केलेला हा माणूस 2004 साली गेला तेव्हा त्याची गाणी गावोगावच्या माणसांना तोंडपाठ होती. उद्योगपतींची नावे घेऊन आमच्या वाट्याचा हिशेब मागणारे त्यांचे गाणे अर्थशास्त्राचे एकही पुस्तक न वाचलेल्या मजुराला कळते. चाल आधीच ओठांवर असल्यामुळे निरक्षर माणसालाही गाणे पहिल्याच ऐकण्यात पकडता येते. त्याला कागद लागत नाही की पेटी लागत नाही. पुस्तक विकत घेणे आणि वाचणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत विचार नेण्याचे हे साधन होते.

आता प्रस्थापितांच्या घरी डोकावू. संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडून पाहावीत. पदाच्या डोक्यावर 'चाल' असे छापून मूळ गाण्याचे नाव दिलेले असते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे 1880 पासून, मराठी रंगभूमी उसन्या चालींवर उभी राहिली. पुढे भास्करबुवा बखल्यांनी हिंदुस्थानी बंदिशींच्या चाली नाट्यपदांना दिल्या, त्याचे मराठी समीक्षेने कौतुकच केले. सचिनदेव बर्मन यांनी बंगालच्या नावाड्यांचे सूर सिनेमात आणले, त्याला प्रतिभा म्हटले गेले. आणि ती प्रतिभाच होती. मग वामनदादांनी सिनेमाची चाल घेतली की तिला उसनवारी म्हणायचे, हा न्याय कोणता? एकाने घेतले तर संस्कार आणि दुसऱ्याने घेतले तर नक्कल, असा हा हिशेब आहे. आपण तो मान्य करण्याचे कारण नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. आपला आवाज दुसऱ्यांच्या घरी गेला तेव्हा काय झाले? प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते गायली आणि विठ्ठलाची गाणीही गायली. आषाढी आली की त्यांचा आवाज महाराष्ट्रभर ऐकू येतो. चोखोबाची समाधी पंढरपुरात देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. अस्पृश्यांसाठी ते देऊळ उघडावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ज्यांच्या आज्यापणज्यांना त्या दारात मज्जाव होता, त्यांच्यातल्या एकाचा कंठ आज भाविकांना हवासा वाटतो. हा विजय म्हणावा का? मला तसे म्हणवत नाही. त्या आवाजावर माझे प्रेम आहे. पण आवाज स्वीकारणाऱ्यांनी त्या आवाजामागचा माणूस आणि त्याची भीमगीते किती स्वीकारली, हे विचारल्याशिवाय मी टाळी वाजवणार नाही.

इथवरचे बोलणे दुसऱ्यांविषयी झाले. आता स्वतःकडे वळू, कारण खरी अडचण इथे आहे. कॅसेट आल्या, मागाहून सीडी आल्या, आता मोबाइल आला. भीमगीतांची संख्या अफाट वाढली. या सगळ्या गाण्यांना मी एक साधी कसोटी लावतो. बाबासाहेबांच्या नावाच्या जागी एखाद्या देवाचे नाव घालून गाणे म्हणून पाहावे. कुठेही अडखळायला झाले नाही, अर्थ जसाच्या तसा राहिला, तर ते गाणे आपले नाही. चाल कुणाची आहे याला महत्त्व नाही. तिथे शब्दच उसने आहेत. ते आरतीचे शब्द आहेत. ज्याने 1956 साली बावीस प्रतिज्ञा दिल्या त्याच्यापुढे आपण पुन्हा निरांजन ओवाळतो आहोत.

याउलट ज्या गाण्यात 1927 चे महाडचे तळे आहे, 1930 चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आहे, मजुरी आहे, शाळा आहे, संविधानाचे कलम आहे, त्या गाण्यात देवाचे नाव बसत नाही. इतिहास त्याला आडवा येतो. असे गाणे सिनेमाच्या चालीवर असले तरी शंभर टक्के आपले आहे.

यावर कुणी म्हणेल, की सामान्य माणसाला कृतज्ञता व्यक्त करायची तर भक्तीचीच भाषा लागते. हे खरे नाही. खेड्यापाड्यांतल्या आपल्या बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हटल्या. त्या ओव्यांत त्या बाबासाहेबांना भाऊ म्हणतात, त्यांच्याशी घरातल्या माणसासारखे बोलतात. अक्षर न शिकलेल्या बायांना पूजा न करता प्रेम करता आले. ते कॅसेटवाल्या कवींना का जमू नये? आणि 14 एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या दणक्याखाली जिथे शब्दच ऐकू येत नाही, तिथे तर कसोटी लावण्याचीही सोय राहत नाही. मी नाचाच्या विरुद्ध नाही. ज्यांना शतकानुशतके मान खाली घालून चालावे लागले त्यांनी रस्त्यावर अवश्य नाचावे. पण नाचताना कानात काहीतरी पडले पाहिजे.

आपल्याकडे गाणे हा विरंगुळा नव्हता, हे तरुणांनी विसरू नये. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. झोपडपट्टीतल्या माणसांचे दुःख गाणारा तो कवी होता. आनंद पटवर्धन यांच्या 2011 सालच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटात ती कहाणी आहे. तो पाहिल्यावर गाणे आणि जगणे वेगळे काढता येत नाही.

नव्या मराठी सिनेमात टेलिफोनच्या या टोकाचा माणूस बोलू लागला आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त, 2013 साली, डुक्कर पकडायला धावणारा जब्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभा राहतो, आणि डुक्कर निसटते. एका गीताचा इतका कठोर उपयोग मी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेला नाही. 2016 च्या 'सैराट'ने अजय-अतुल यांच्या गाण्यांवर सगळा महाराष्ट्र नाचवला. त्याच चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगात संगीत नाही. आवाजच काढून घेतलेला आहे. पण लग्नाच्या वरातीत वाजले ते गाणे. ती शांतता थिएटरातच राहिली. ज्या घरांत मुलीने जातीबाहेर लग्न केले तर रक्त सांडेल, त्या घरांच्या वरातीही त्याच गाण्यावर नाचल्या. चाल घेतली आणि अर्थ टाकून दिला, याला मी उसनवारी म्हणेन.

तेव्हा चाल कोणाची हा वाद आता पुरे. जे गाणे ऐकणाऱ्याला बोलते करते आणि ज्याच्यातून आपला इतिहास काढून टाकता येत नाही, ते आपले. आपल्या शिक्षकांनी अशी गाणी जमवावीत आणि वर्गात शिकवावीत. विद्यार्थ्यांनी त्यांवर प्रबंध लिहावेत. कार्यकर्त्यांनी ती गाताना शेवटचे कडवे गाळू नये. जुन्या अभंगाप्रमाणे आपल्या शाहिरांचे नाव त्याच कडव्यात असते. ते गाळले की गाणे उरते आणि गाणारा पुसला जातो.