विणकाम शाळेत, जीभ उंबऱ्याबाहेर

'हस्तकला जगवा म्हणजे भाषा जगेल' असं परिसंवादातले विद्वान हल्ली उठताबसता सांगतात. ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. परंपरागत कला म्हंजे आपल्या वाट्याला काय आलं होतं? मेलेलं ढोर ओढणं, कातडं कमावणं, दोर वळणं. बाबासाहेबांनी ढोरं ओढणं टाका म्हणून सांगितलं तेव्हा कुणी कलेच्या नावानं रडलं नव्हतं. मद्रास राज्यात १९५३ साली राजाजींनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांचे तास कमी केले. उरलेल्या वेळात पोरांनी घरचा धंदा शिकावा म्हणून. पेरियारांच्या लोकांनी त्या योजनेला 'कुलकल्वी', कुळाचं शिक्षण, म्हणून झोडपलं. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाले आणि ती गेली. बरं झालं.

म्हणून न्यूझीलंडच्या माओरी लोकांबद्दल वाचायला बसलो ते संशय घेऊनच. संशय फिटला नाही, पण त्यानं जागा बदलली.

तिथं १८६७ च्या कायद्यानं माओरी पोरांच्या शाळा इंग्रजीच्या ताब्यात गेल्या. पुढं वर्गात माओरी बोललं म्हणून मार बसायचा. १९१३ साली शंभर माओरी शाळकरी पोरांतली नव्वद माओरी बोलत होती. १९५३ साली सव्वीस उरली. १९७५ साली पाचसुद्धा नाहीत.

आता मधली वर्षं बघा. १९२६ साली सरकारनं खास कायदा करून रोटोरुआला माओरी कलांची शाळा काढायचं ठरवलं. १९३० नंतर माओरी पोरांच्या शाळांत कोरीवकाम, विणकाम शिकवायला लागले. शिकवणं मात्र इंग्रजीतनं. म्हंजे कला वर्गात बसलेली आणि भाषा उंबऱ्याबाहेर उभी. हस्तकला असतानाच भाषा मेली की! हे परिसंवादवाले सांगत नाहीत.

मी साचेवाला माणूस. ताणा, बाणा, धोटा हे शब्द मला कुणी पुस्तकातनं दिले नाहीत, ते हातात आले. माओरी बाया हाराकेके नावाच्या पातीतनं धागा काढतात. शिंपल्यानं पात खरवडायची, आतला तंतू निघतो तो 'मुका'. झगा विणायला साचा नाही, धोटा नाही. दोन खुंट्या रोवायच्या आणि बोटांनी विणायचं. ताणा म्हंजे 'फेनु', बाणा म्हंजे 'आहो'. आणि 'आहो' म्हंजे वंशाचा धागासुद्धा. झुडपाच्या मधला कोंब 'रितो', म्हंजे लेकरू; बाजूची पानं आईबाप; बाहेरची आजे-पणजे. कापायची ती बाहेरचीच. हे इंग्रजीत सांगितलं की नुसती पानं कापायची सूचना उरते.

भाषा उठली ती रस्त्यावरनं. १९७२ साली न्गा तामातोआ या तरुण माओरींच्या गटानं तीस हजारांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटवर नेला: शाळेत आमची भाषा शिकवा. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. ऑकलंडमध्येही १९७१ साली पॉलिनेशियन पँथर निघाली होती. अमेरिकेतल्या काळ्यांची हाक दोन्हीकडं पोचली होती. १९८२ साली वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाटाला पहिलं 'कोहांगा रेओ', भाषेचं घरटं, निघालं. जी भाषा मधल्या पिढीच्या तोंडातनं गेली होती ती आज्यांनी थेट नातवंडांना दिली. कारभार पोरांच्या घरच्यांचा. दहा-अकरा वर्षांत अशी आठशेवर घरटी झाली. १९८७ साली माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला.

रांगिमारी हेतेत नावाच्या विणकर बाईचं मला फार वाटतं. विद्या कुळातच ठेवायची रीत तिथंही होती. बाईनं ती मोडून बाहेरच्या बायांना विणकाम शिकवलं. १९९५ साली एकशे तीन वर्षांची होऊन गेली.

आता माझा संशय कुठं बसला ते सांगतो. कला नको असं मी म्हणत नाही. मी विचारतो, हे काम नको म्हणायची पोराला मुभा आहे काय? शिकवणारी जीभ कुणाची? माल विकून पैसा कुणाच्या खिशात? वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते आज कपबशीवर, उशीच्या अभ्र्यावर आहे. पण लग्नचौक लिहिताना धवलेरी जी गाणी म्हणते त्या बोलीला वर्गात खुर्ची नाही.

आणि मित्रांनो, हे आपल्याकडंही येतं. आपण झगडून मराठीत घुसलो, तिची सोवळी फाडली. पण मेळघाटातल्या कोरकू पोराच्या पाठीवर हीच मराठी इंग्रजीसारखी बसते. तिथं शिबिरं घेणारे आपले मित्र भाषणं कुठल्या भाषेत करतात? मीसुद्धा हे मराठीतच लिहितोय.

संपादकांना एक सूचना. पुढच्या अंकासाठी एखाद्या कोरकू मित्राकडनं मजकूर मागवा. आला तर कोरकूतच छापा. मराठी खाली, बारीक अक्षरात देऊ.