डाळिंबाचा मर रोग आणि खोड पोखरणारा भुंगेरा : एका नावाची चिकित्सा

प्रास्ताविक : पुणे-सोलापूर मार्गावरील यवत व भुलेश्वरच्या डोंगरापलीकडील पुरंदर या अवर्षणप्रवण पट्ट्यात डाळिंबाच्या बागा आहेत. मर रोग हा या पिकाचा मोठा शत्रू होय. सेरॅटोसिस्टिस फिम्ब्रिएटा ही बुरशी त्याचे प्रमुख कारण मानली जाते व खोडाला बारीक छिद्रे पाडणारा भुंगेरा तिचा वाहक ठरविला जातो. शेतीविषयक लेखनात हा भुंगेरा बहुधा 'झायलेबोरस फोर्निकेटस' या एकाच नावाने येतो. हे नाव पुरेसे आहे काय, याची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन : आयकॉफ यांनी १८६८ मध्ये सिलोनमधील नमुन्यावरून ही प्रजाती वर्णिली. पुढे कॅलिफोर्निया, इस्रायल व दक्षिण आफ्रिकेत याच गटातील भुंगेऱ्यांनी बागांतील, रस्त्याकडेच्या आणि वनातील वृक्षांवर आक्रमण केले. डीएनएच्या तुलनेतून एका नावाखाली अनेक प्रजाती दडल्याचे दिसून आले. २०१८ मध्ये त्यांची नावे निश्चित झाली. परंतु हरवलेला मानलेला मूळ नमुना सापडताच २०१९ मध्ये ती पुन्हा बदलावी लागली. 'फोर्निकेटस' हे नाव एका प्रजातीकडून दुसरीकडे गेले. त्यामुळे जुन्या नोंदीतील नाव नेमक्या कोणत्या कीटकाचे, हे केवळ वाचून ठरविता येत नाही.

या गटाचे प्रजननही लक्षणीय आहे. नर उडत नाहीत, ते अफलित अंड्यांतून जन्मतात आणि मादीचा संयोग बहुधा सख्ख्या भावाशीच होतो. परिणामी एकटी मादी नवी वसाहत स्थापू शकते. एका वसाहतीत जनुकीय वैविध्य अत्यल्प, तर दोन वसाहतींत अंतर मोठे असू शकते. बाह्यरूप मात्र जवळजवळ सारखेच राहते.

आणखी एक भेद दुर्लक्षिला जातो. भुंगेरा आपल्या बोगद्यात फ्युजेरियम गटातील बुरशी अन्नासाठी वाढवितो. मर रोगाची बुरशी तिच्याहून वेगळी आहे. ती मातीतून व रोगट रोपांतूनही पसरते. शिवाय आधीच दुर्बल झालेल्या झाडाकडे भुंगेरे आकृष्ट होऊ शकतात. तेव्हा कोमेजलेल्या झाडावरील छिद्रे हा वाहकतेचा पुरावा ठरत नाही.

निष्कर्ष : कारण व सहचर यांची गल्लत झाल्यास खोडाला गेरू-कीटकनाशकाचा लेप लागतो, परंतु रोगट रोप व दूषित माती तशीच राहते आणि बाग हातची जाते. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी परिसरातील नमुने अल्कोहोलमध्ये जतन करून त्यांची डीएनए-ओळख करून घेणे, हा या संदिग्धतेवरील पहिला उपाय होय.