धरणाचें चित्र कीं सांडव्याचें?

अमेरिकेच्या मोंटाना संस्थानांत मिसुरी नदीवर १९३३ ते १९४० या काळांत फोर्ट पेक नांवाचें धरण बांधलें गेलें. त्याचें म्हणून एक छायाचित्र जगभर गाजलें आहे. २३ नोव्हेंबर १९३६ रोजीं 'लाइफ' या सचित्र साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर तें होतें. तें काढणाऱ्या बाई मार्गारेट बुर्क-व्हाइट. चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचें १९४६ मधील छायाचित्र आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. तेंही याच बाईंचें. तेव्हां त्यांच्या हातोटीविषयीं वाद नाहीं. आमचा प्रश्न इतकाच कीं, ज्या चित्रास इतकीं वर्षें धरणाचें चित्र म्हणून मान मिळत आला, त्यांत धरण आहे कोठें?

काँक्रीटचे प्रचंड खांब रांगेनें उभे आहेत, त्यांचे माथे एखाद्या दुर्गाच्या बुरुजांसारखे आकाशांत घुसले आहेत, आणि पायथ्याशीं दोन माणसें अगदीं मुंगीएवढीं दिसतात. उजेड आणि छाया यांची वांटणी अशी चोख कीं पाहणाऱ्यानें मान डोलवावी. पण हें जें दिसतें तो सांडवा आहे! पुराचें जादा पाणी सोडून देण्याची ती वाट. मुख्य धरणापासून ती सुमारें तीन मैल दूर आहे. धरण स्वतः मातीचें आहे. लांबी २१,०२६ फूट, म्हणजे जवळ जवळ चार मैल. उंची २५० फूट.

हें मातीचें काम कसें झालें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण आमचा सारा आक्षेप त्यावरच उभा आहे. नदीच्या तळची माती मोठ्या यंत्रनौकांनीं पाण्यासह उपसावयाची, तो राड नळांतून बांधाच्या दोन्ही कडांवर आणून ओतावयाचा, आणि पुढचें काम पाण्यावर सोंपवावयाचें. जाड वाळू कडेलाच बसते. बारीक चिकणमाती वाहत मध्यभागीं जाते आणि तेथें साचून पाणी न झिरपूं देणारा गाभा तयार होतो. म्हणजे बांधकाम चालू असतां धरणाच्या मध्यभागीं चिखलाचें तळेंच असावयाचें. अशा दृश्याला ना धार, ना कोन, ना ठळक सावली. काँक्रीट मात्र छायाचित्रासाठींच जन्माला आल्यासारखें उभें राहतें. १९३० सालीं सोव्हिएत संघांतील नीपर नदीवरचें धरण बांधलें जात असतां बाईंनीं तेथेंही छायाचित्रें घेतलीं होतीं. त्यांच्या नजरेला पोलाद आणि काँक्रीट यांचें वळण आधींच लागलेलें होतें. फोर्ट पेकला येऊन तिनें तेंच शोधलें व तेंच सांपडलें.

कोणी म्हणेल, कलावंताला निवड करण्याचा अधिकार आहे. सांडवा हाही धरणाच्या योजनेचाच भाग नव्हे काय? अधिकार आम्हांस मान्य आहे. पण निवडलेल्या अंशास पूर्णाचें नांव दिलें म्हणजे निवड संपते आणि दिशाभूल सुरू होते. या चित्रानें पाहणाऱ्याच्या मनांत अशी समजूत रुजविली कीं, मिसुरीला एका अभेद्य दुर्गानें अडविलें आहे. वास्तविक तिला अडविणारें होतें तें नुकतेंच बसूं लागलेलें ओलें मातेरें.

त्याच अंकाच्या आंतील पानें पाहावीं. तेथें बाईंनीं व्हीलर व आसपासच्या गांवठाणांतील रात्री टिपल्या आहेत: लांकडी फळ्यांचीं दुकानें, मद्यगृहांतली गर्दी, पैसे घेऊन नाचणाऱ्या मुली, आणि गिऱ्हाइकांच्या घोळक्यांत दारूच्या फळीवर बसविलेली एक लहान पोर. संपादकांनीं बांधकामाचीं चित्रें अपेक्षिलीं होतीं आणि हातीं आलें तें माणसांचें जीवन, असें त्यांनीं स्वतःच मोकळेपणीं लिहून ठेवलें आहे. १९३६ च्या उन्हाळ्यांत येथें दहा हजारांवर माणसें कामावर होतीं. काम संपल्यावर व्हीलर गांव नाहींसें झालें. त्या पोरीचें चित्र आम्हांस खांबांच्या चित्राहून सरस वाटतें. त्यांत रचनेचा डौल कमी, पण पाहून झाल्यावरही तें डोळ्यांपुढून हलत नाहीं.

आणि एक चित्र आहे, ज्याला कोणी कलाकृति म्हणणार नाहीं. २२ सप्टेंबर १९३८ रोजीं धरणाची पाण्याकडची बाजू पूर्वेच्या टोंकाजवळ एकाएकीं ढासळली. कांहीं मिनिटांत लाखो घनयार्ड माती जलाशयांत पसरली. चौतीस माणसें तिच्याबरोबर गेलीं. आठ मेलीं, आणि त्यांपैकीं सहांचे देह सांपडलेच नाहींत. तीं अद्याप त्या धरणांतच आहेत. तळच्या खडकांतील मऊ थर सरकले कीं पाण्यानें फुगलेली वाळूच द्रव झाली, याविषयीं तज्ज्ञांत पुष्कळ चर्चा झाली. मोठ्या धरणांसाठीं ही पद्धत मात्र पुढें मागें पडली. या घटनेचें विमानांतून घेतलेलें छायाचित्र अगदीं साधें आहे. सरळ चाललेल्या बांधाचा एक लचका तुटला आहे आणि त्याची माती पंख्यासारखी पाण्यांत पसरली आहे, एवढेंच त्यांत दिसतें. फार उंचीवरून घेतलेल्या त्या चित्रांत माणूस ओळखूं येत नाहीं. पण फोर्ट पेकचें धरण कशाचें केलेलें आहे हें मुखपृष्ठानें जें सांगितलें नाहीं, तें तेथें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

बांध दुरुस्त होऊन १९४० मध्यें काम पुरें झालें, १९४३ मध्यें वीज निघूं लागली, आणि आजही तें धरण उभें आहे. त्याच्या चित्रांचा संग्रह ज्याला पुन्हां छापावयाचा असेल त्यानें मुखपृष्ठाचें चित्र खुशाल पहिल्या पानावर घालावें; त्याच्या सौंदर्यास आमची हरकत नाहीं. त्याखालीं 'सांडवा' हा एक शब्द तेवढा छापावा, आणि समोरच्या पानावर १९३८ चें तें विमानांतलें चित्र त्याच आकारांत द्यावें.