वाघीण की परकोट?

नैयायिकांचा गवय गाईसारखा दिसला की पुरे, ओळख पटते. पण विटांच्या मालगाडीला ‘हुबेहूब’ म्हटलंत, की माप आलंच. लेगोच्या रुळांतलं अंतर साधारण 38 मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजचं 1676. प्रमाण झालं 1:44. बल्लारशाहला दिसणारी कोळशाची बॉक्सएन वाघीण सुमारे 3.2 मीटर रुंद, म्हणजे विटेवरचे नऊ उंचवटे. नेहमीच्या सहात बसवली तर ती नॅरोगेजची वाटते! बरं, नऊ केले. पण एका विटेची भिंत 8 मिलिमीटर. खऱ्या मापात फुटाहून जाड. ही वाघीण की चांद्याचा परकोट? वर काळा ढीग रचला, की सगळं झाकतं. मला रिकामी परतणारी वाघीण करून दाखवा, पातळ तुकडे उभे लावून.