अबाधितांची शांतता

'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेतील 'एरँड ऑफ मर्सी' हा भाग २३ मार्च १९६७ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. दूर भविष्यातील या कथेत ऑर्गेनिया ग्रहाच्या रहिवाशांपाशी शस्त्रे नाहीत, आणि आक्रमकाला विरोध करण्याची इच्छाही नाही. क्लिंगॉन सैन्य तेथे उतरते. कर्क व स्पॉक त्यांचा दारूगोळा उडवितात. पुढे दोनशे ओलिसांना ठार मारण्याची आज्ञा सुटते. अखेरीस उलगडा होतो की ऑर्गेनियावासी देहधारी नसून केवळ ऊर्जारूप आहेत आणि कोणीही मेलेले नाही. दोन्ही पक्षांची शस्त्रे हाती धरवेनाशी करून ते युद्धच थांबवितात.

या भागाचे खरे सामर्थ्य त्यानंतरच्या प्रसंगात आहे. शांततेचा कैवारी म्हणून आलेला कर्क युद्ध करण्याच्या आपल्या हक्कासाठी भांडू लागतो, आणि बोलता बोलता स्वतःच ओशाळतो. व्हिएटनामचे युद्ध पेटलेले असताना अमेरिकन प्रेक्षकापुढे हे मांडणे धाडसाचेच होते.

तथापि ज्यांना मरण नाही त्यांच्या अहिंसेला कसोटी कोणती? हा आक्षेप किती मूलगामी आहे, हे कर्जत-खालापूरच्या इतिहासाशी ताडून पाहिल्यास कळते. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे जलविद्युत्केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज पुरवीत आले. १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. कोतवाल व्यवसायाने वकील. सावकारी पाशातून शेतकऱ्यांना सोडविण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. तेव्हा रचनात्मक कार्याशी त्यांचे वैर होते असे म्हणता येणार नाही. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते व हिराजी पाटील धारातीर्थी पडले.

कर्काचा घातपात आणि दस्त्याचा घातपात बाह्यतः एकाच जातीचे. परंतु नाटककार कर्काची कृती हास्यास्पद ठरवितो ती केवळ ऑर्गेनियावासी अमर निघाले म्हणून. ते मर्त्य असते तर ती योग्य की अयोग्य, या प्रश्नाला तो हात घालीत नाही. चमत्काराने कथानक सुटते, पण वाद अनिर्णीत राहतो. (त्या दोनशे ओलिसांचा प्रेक्षकाला पुढे विसर पडतो, तो यामुळेच.) जाता जाता ऑर्गेनियावासी सांगतात की मानवासारख्या विकारवश जीवांचे नुसते सान्निध्यही त्यांना असह्य होते, आणि मग ते अदृश्य होतात.